रिकॉलच्या खड्ड्यातलं गेज

साधारण तीन फूट खोलीवर बकेटचा दात पत्र्यात अडकला आणि जेसीबीवाल्याने लगेच यंत्र थांबवलं. मी खड्ड्याच्या कडेलाच नोंदवही घेऊन उभा होतो. चिखलातून वर आलेला पत्रा ॲल्युमिनियमचा होता. चुरगळलेला, एका अंगाला काळा रंग आणि कडेने रिव्हेटची सरळ ओळ. शेतीच्या कुठल्याच अवजाराला असे रिव्हेट नसतात.

मी सॉइल टेस्टिंगमध्ये आहे. शिक्षण सांगलीला झालं, नोकरी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला. एखाद्या जागेवर काही बांधायचं ठरलं की आधी आम्ही जाऊन खड्डे घेतो, बोअर मारतो, माती तपासतो. सेल्बीजवळच्या रिकॉल गावालगतची ही जमीन म्हणजे वर वाळू आणि खाली हिमयुगातल्या तळ्याची चिकणमाती. तांत्रिकदृष्ट्या सरळ काम होतं. पण दुसऱ्या महायुद्धात इथे बॉम्बर विमानांचा तळ होता हे नकाशावरच दिसत होतं, म्हणून स्फोटकांची तपासणी करणारा माणूस पहिल्यापासून आमच्या सोबत होता.

पत्रा दिसताच त्याने सगळ्यांना मागे घेतलं. जमिनीतलं लोखंड हुडकणारा मॅग्नेटोमीटर खड्ड्याभोवती फिरवला आणि मला म्हणाला, "आता हे कोसळलेलं विमान आहे की टाकलेलं भंगार, ते ठरेपर्यंत फावडंही लावायचं नाही." यामागे कायदा आहे. ब्रिटनमध्ये १९८६ पासून लष्करी सेवेत असताना कोसळलेलं प्रत्येक विमान आपोआप संरक्षित धरलं जातं. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि आत माणसांचे अवशेष असण्याची शक्यता असेल तर परवाना सहसा मिळत नाही. आम्ही पट्टी लावून खड्डा बंद केला आणि यॉर्कहून पुरातत्त्वाच्या बाईंना बोलावलं. जुन्या विमानांचे अवशेष हाच त्यांचा विषय. त्या येईपर्यंत दुपार झाली. तेवढा वेळ जेसीबीवाला, एरवी अखंड बोलणारा माणूस, केबिनमध्ये गप्प बसून होता. खाली कुणी असेल का, हाच विचार आम्हा सगळ्यांच्या डोक्यात होता.

बाईंनी पत्र्याकडे नंतर पाहिलं. आधी गुडघ्यावर बसून खड्ड्याच्या भिंतीची माती हातात घेतली आणि वास घेतला. विमान वेगाने जमिनीत घुसलं असेल तर पेट्रोल आणि तेल मातीत मुरतं, चिकणमाती निळसर करडी पडते आणि ऐंशी वर्षांनंतरही खणताना वास येतो. इथली माती स्वच्छ पिवळसर होती. मग त्यांनी हातमोजे घालून एकेक वस्तू बाजूला काढली. कपाची फुटकी कड, सायकलच्या चेनचा तुकडा, खाद्यपदार्थांचे गंजलेले डबे, पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकच्या चिपा, इंजिनाचा एक स्पार्क प्लग. "विमान कोसळताना सोबत कपबशा आणि सायकल घेऊन येत नाही," त्या म्हणाल्या. "तळ बंद करताना जे उचलून नेण्यासारखं नव्हतं ते खड्डा करून पुरलं, तो हा खड्डा."

सुटकेचा श्वास आम्ही सगळ्यांनी सोडला. आणि मग त्यांनी मला ते गेज दाखवलं.

तळहातात मावेल एवढं गोल, काच फुटलेली, काटा गळून गेलेला. मागच्या बाजूला मुकुट आणि त्याखाली 'एएम' हा एअर मिनिस्ट्रीचा, म्हणजे ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाचा शिक्का स्पष्ट होता. तबकडीवरचे आकडे ओल्या कापडाने पुसल्यावर हळूहळू उमटले. तापमान मोजणारं गेज होतं ते. चार इंजिनांच्या विमानात अशी गेजं ओळीने लावलेली असत आणि त्यांच्यावर नजर ठेवायचं काम फ्लाइट इंजिनिअरचं. मी ते गेज हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

रिकॉलहून कधी जर्मनीवर हल्ले करणारं स्क्वाड्रन उडालं नाही. इथे १६५८ हेवी कन्व्हर्शन युनिट, म्हणजे क्रूला मोठ्या बॉम्बर विमानांवर तयार करणारं प्रशिक्षण युनिट होतं, ऑक्टोबर १९४२ ते एप्रिल १९४५. लोक त्याला एचसीयू म्हणत. मोठी चार इंजिनांची बॉम्बर विमानं आली तेव्हा प्रश्न उभा राहिला की दोन इंजिनांच्या वेलिंग्टन किंवा व्हिटलीवर शिकलेली मुलं थेट चार इंजिनांच्या हॅलिफॅक्सवर कशी बसवायची. सुरुवातीला स्क्वाड्रनच आपल्याकडच्या दोनचार विमानांवर शिकवत. मग त्या तुकड्या एकत्र करून १९४२ मध्ये स्वतंत्र युनिटं झाली. वॉटरबीचला स्टर्लिंग विमानांचं १६५१, यॉर्कशायरमध्ये मार्स्टन मूरला हॅलिफॅक्सचं १६५२, विंथॉर्पला १६६१, अशी रांगच लागली. मार्स्टन मूरच्या तळाचा प्रमुख १९४३ मध्ये लेनर्ड चेशर हा नावाजलेला बॉम्बर पायलट होता, वय अवघं पंचवीस.

आधीच्या शाळेतून पाच जणांचा क्रू यायचा: पायलट, नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि गनर. इथे त्यात आणखी एक गनर आणि फ्लाइट इंजिनिअर मिळत आणि क्रू सातचा व्हायचा. इंजिनिअरचं प्रशिक्षण वेल्समधल्या सेंट ॲथनला, वर्गात आणि वर्कशॉपमध्ये झालेलं असे. इंजिनाचे भाग, पेट्रोलच्या टाक्या, कॉक, पंप सगळं तोंडपाठ. पण त्यांतले कितीतरी जण एचसीयूत येईपर्यंत विमानात बसलेलेच नसत! आयुष्यातलं पहिलं उड्डाण, आणि पायलटच्या मागे उभं राहून चार इंजिनांचं तापमान, दाब, कुठल्या टाकीतून कुठल्या इंजिनाला पेट्रोल जातंय याची जबाबदारी त्याच दिवशी अंगावर. मी बावीस वर्षांचा असताना पहिल्या साइटवर मला सिनिअरने एकट्याने मोजमापही घेऊ दिलं नव्हतं. ही पोरं एकोणीस, वीस वर्षांची होती.

शिकवायचं काय, तर आधी चढणं, उतरणं, पुन्हा चढणं. मग रात्री तेच. मग शेकडो मैलांची चक्कर, शत्रूची लढाऊ विमानं चुकवण्याचे हेलकावे, सर्चलाइटच्या झोतात खोटा हल्ला. साधारण चाळीस तासांच्या उड्डाणांत हे सगळं बसवायचं. त्यातला सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे तीन इंजिनांवर उडणं. प्रशिक्षक मुद्दाम एक इंजिन बंद करायचा.

हॅलिफॅक्सच्या सुरुवातीच्या विमानांना शेपटीवर त्रिकोणी आकाराचे दोन उभे पडदे होते. एका बाजूचं बाहेरचं इंजिन बंद पडलं की दुसरी बाजू विमानाला ढकलते आणि नाक फिरू लागतं. ते सरळ ठेवायला पायलट पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबतो. वेग कमी असला आणि विमान फार तिरकं सरकू लागलं की पडद्यावरून जाणारी हवा विस्कटते आणि रडर स्वतःच टोकापर्यंत खेचलं जाऊन तिथेच अडकतं, सोसाट्याच्या वाऱ्यात उघडं दार भिंतीला जाऊन चिकटावं तसं. दोन्ही पाय लावून जोर केला तरी ते मधोमध येत नाही. मग विमान गिरकी घेत खाली. उपाय एकच, नाक खाली करून वेग वाढवायचा. पण त्यासाठी पायाखाली उंची लागते, आणि उतरण्यासाठी तळाभोवती घिरट्या घालणाऱ्या विमानाखाली उंची असते कितीशी? हजार फूट.

हा दोष माहीत होता. १९४३ मध्ये मोठी, चौकोनी शेपूट तयार झाली आणि गोष्ट सुधारली. पण नवी विमानं आधी लढणाऱ्या स्क्वाड्रनांकडे जायची. एचसीयूच्या वाट्याला यायची ती तिथे वापरून थकलेली, दुरुस्त केलेली, पुन्हा दुरुस्त केलेली. जुन्या शेपटीची विमानं ट्रेनिंगमध्ये त्यानंतरही उडत राहिली. सर्वांत नवशिका माणूस सर्वांत जुन्या यंत्रावर, आणि तेही रात्री, यॉर्कशायरच्या धुक्यात. युद्धाचा रेटा मला कळतो. रोज क्रू मरत होते, रोज नवे लागत होते. तरीही इंजिनिअर म्हणून मला हे मान्य करता येत नाही.

शिकवणारेही ताजेतवाने नव्हते. तीस मोहिमांची फेरी पुरी करून जिवंत राहिलेल्यांना विश्रांती म्हणून इथे प्रशिक्षक नेमत. बर्लिन आणि ऱ्हूरहून परतलेली माणसं घरच्या शेतांत मेली.

ब्रिटिश वायुदलाच्या बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ मेले हा आकडा इथे सगळ्यांना ठाऊक असतो. त्यातली ८,००० हून अधिक माणसं ट्रेनिंगमध्ये आणि अपघातांत गेली हे बाईंनी सांगितलं तेव्हा मी पुन्हा विचारलं. बरोबर ऐकलं होतं. हॅरोगेटच्या स्टोनफॉल स्मशानभूमीत यॉर्कशायरच्या तळांवरचे पुष्कळ जण आहेत आणि त्यांत सर्वाधिक कॅनडाचे. समुद्र ओलांडून युद्धाला आले आणि त्यांतले कितीतरी युद्धापर्यंत पोहोचलेच नाहीत.

संध्याकाळी जमिनीचा मालक ट्रॅक्टर घेऊन आला. म्हातारा माणूस, बोलायला मोजका. त्याच्या वडिलांनी ती विमानं पाहिली होती. रात्रभर एकामागून एक डोक्यावरून जायची, आणि आवाज मध्येच बदलला की घरातले सगळे जेवायचे थांबायचे, असं ते सांगत. त्याला गेज दाखवलं. त्याने ते हातात घ्यायला नकार दिला. "तुम्हीच धरा," एवढंच म्हणाला, आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला.

तळाच्या रस्त्यांचं काँक्रीट त्याच्या शेतातून अजूनही जातं. आम्ही दिवसभर त्यावरूनच गाडी फिरवत होतो.

परत येताना बाईंनी मला विचारलं, तुमच्या देशात असं युनिट होतं ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हतं. कोलारला, सोन्याच्या खाणींच्या त्या कोलारला, १६७३ एचसीयू होतं, चार इंजिनांच्या अमेरिकन लिबरेटर बॉम्बर विमानांचं. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्याच्यातूनच ३५८ स्क्वाड्रन उभं केलं. युद्धानंतर कानपूरला भंगारात काढलेली लिबरेटर विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी पुन्हा उडती केली आणि आपल्या वायुदलाने ती १९६८ पर्यंत चालवली. पुण्याच्या लोहगावलाही ती होती. मोडीत काढलेलं यंत्र आपल्या माणसांनी वीस वर्षं नीट सांभाळलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही.

खड्डा पूर्वेला सरकवून दुसऱ्या दिवशी घेतला. माती तीच निघाली. गेज आणि बाकीच्या वस्तू नोंद करून बाई घेऊन गेल्या. अहवालात मी एक पान जास्तीचं जोडलं: १६५८ एचसीयू, कोणत्या साली कोणती विमानं, भंगाराचा खड्डा नकाशावर नेमका कुठे, आणि इथे पुढे खणताना काय दिसलं तर काम थांबवावं. क्लायंटच्या मॅनेजरने विचारलं, मातीच्या अहवालात याची गरज काय? मी म्हटलं, ही या मातीचीच माहिती आहे. पान राहिलं.

पुढचं काम मार्स्टन मूरच्या बाजूला आहे. तिथे जेसीबी पोहोचण्याआधी लंडनमधल्या केवच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून १६५२ युनिटची रोजनिशी वाचायची असं ठरवलंय. बाईंनी त्या फायलींची यादी पाठवली आहे आणि दोन दिवसांची रजाही मंजूर झाली आहे.