कमानीतला सूर्य आणि विकले गेलेले फोटो: तिसऱ्या वर्षाची नोंद

गेल्या वर्षीच्या नोंदीत मी लिहिलं होतं की दोन लांबचे प्रवास ठरलेत आणि पोर्टफोलिओ त्यांच्यावरच उभा राहील. दोन्ही प्रवास झाले. पण वर्षभरात माझे जे फोटो विकले गेले, त्यातले निम्म्याहून जास्त घरापासून सायकलने पंचवीस मिनिटांवरच्या एका जुन्या पुलाजवळ काढलेले आहेत. छोट्या गावात राहून प्रवास छायाचित्रणात पाय रोवू पाहणाऱ्यांना याचा उपयोग होईल असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लांबच्या प्रवासाचा हिशोब. नऊ दिवस, सात ठिकाणं, ४,१०० फ्रेम. घरी येऊन तीनदा चाळणी लावल्यावर हातात अकरा उरल्या. प्रत्येक ठिकाणी मला एकच पहाट मिळाली होती. ढग आले तर ढग, प्रकाश सपाट असला तर सपाट. पुढच्या गाडीची वेळ झालेली असायची. शिवाय प्रसिद्ध जागी ट्रायपॉड कुठे लावायचा हे जणू आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे माझ्या फ्रेम मी आधी शेकडो वेळा पाहिलेल्याच होत्या. त्या अकरा मी एका मासिकाच्या फोटो एडिटरला पाठवल्या. उत्तर दोन ओळींचं आलं: फोटो स्वच्छ आहेत, पण या जागेचे आमच्याकडे पुष्कळ आहेत. तुम्ही राहता तिथे काय आहे?

हा प्रश्न आठवडाभर डोक्यातून जाईना.

पुलाकडे मी पहिल्या वर्षापासून जात होतो, पण सराव म्हणून. लेन्स तपासायची असली की तिकडे. आता ठरवून जाऊ लागलो आणि वहीत रोज चार गोष्टी लिहू लागलो: आकाश, वारा, पाण्यावर वाफ आहे की नाही, सूर्य कुठून वर आला. दोन महिन्यांत वही बोलायला लागली. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन झपाट्याने थंड होते. पाणी मात्र ऊब धरून असतं. त्यावरची ओली हवा गार हवेत मिसळली की वाफ उठते. अशा रात्रीनंतरची पहाट मी सोडत नाही. ऊन वर चढलं की अर्ध्या-पाऊण तासात धुकं विरतं, म्हणून निम्मं काम सूर्योदयाआधीच उरकावं लागतं.

धुक्यात एक्सपोजरची, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा याची चूक मी बरेच दिवस करत होतो. कॅमेऱ्याचं मीटर दिसेल ते मध्यम राखाडी धरून चालतं, त्यामुळे पांढरं धुकं मळकट येतं. आता मी एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकणार नाही एवढंच बघतो. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाईल, असेल तर बाकीचं नंतर सावरता येतं, पण पांढरा एकदा पूर्ण फुटला की त्यात काहीच उरत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते कमानीने. पूल दक्षिणोत्तर आहे, म्हणजे पुलाच्या पश्चिमेला काठावर उभं राहिलं की मधल्या कमानीतून नेमकी पूर्व दिसते. सूर्य ठीक पूर्वेला उगवतो तो विषुवदिनांच्या सुमारास, मार्चच्या २०-२१ आणि सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला. त्या दिवसांत उगवतीची जागा रोज अर्ध्या अंशाच्या आसपास सरकते, म्हणजे जवळजवळ सूर्यबिंबाच्या रुंदीएवढी. जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांना ती कितीतरी दिवस हललेली जाणवतही नाही. म्हणून माझ्या कमानीत सूर्य मधोमध बसतो तो वर्षातून दोनदा, आणि तेही मोजके दिवस. त्यात पुन्हा बिंब स्वतःच्या व्यासाएवढं अंतर दोन मिनिटांत कापतं. दोन दिवसांसाठी आलेल्या छायाचित्रकाराच्या वाट्याला हे नशिबानेच येईल. मी तिथेच राहतो, मला ते आधीच ठरवता येतं. गावात राहण्याचा इतका सरळ फायदा मला तोवर दिसलाच नव्हता.

पुलाखाली एक नावाडी माणसं पलीकडे पोचवतो. पहिले काही आठवडे मी त्याचे फोटो लांबून, २०० मिलिमीटरच्या लेन्सने काढत होतो. एके दिवशी त्यानेच विचारलं, "तिकडून काय दिसतं हो तुम्हाला? होडीत या की." त्या दिवसापासून ३५ मिलिमीटरची लेन्स लागली आणि ती आजपर्यंत उतरली नाही. जवळून पाहिलं तेव्हा त्याचे हात दिसले. काठावरच्या खुंट्याला दोर बांधताना तो बघत नाही, डावा अंगठा दोरावर दाबून धरतो आणि उजव्या हाताने दोन वेढे टाकतो. दोराला अंगठ्याच्या जागी काळपट चकाकी आली आहे. ती एक फ्रेम मिळायला मला सहा पहाटा लागल्या, कारण ऊन त्या खुंट्यावर तिरकं पडतं ते फक्त काही मिनिटं.

हीच मालिका, बारा फोटोंची, त्या एडिटरने घेतली. मुख्य फोटो सूर्याचा नाही, दोराचा आहे.

मालिका घेताना त्यांनी कॅप्शनबद्दल खास लिहिलं होतं, म्हणून थोडं त्याबद्दल. युजीन अॅजे या फ्रेंच छायाचित्रकाराने सुमारे तीस वर्षं पॅरिसच्या गल्ल्या, दुकानं, जिने टिपले आणि ते चित्रकारांना, ग्रंथालयांना, संग्रहालयांना विकून पोट भरलं. १९२० मध्ये त्याने अडीच हजारांहून जास्त निगेटिव्ह फ्रेंच सरकारला विकल्या. कुठली वास्तू, कुठला रस्ता हे तो नोंदवून ठेवायचा. मी आता त्याच दिवशी, घरी पोचताच, फाईलच्या आयपीटीसी मेटाडेटामध्ये (फोटोच्या फाईलमध्येच साठणाऱ्या माहितीच्या रकान्यांत) जागा, तारीख आणि चाललेलं काम लिहून टाकतो. महिन्याने लिहायला बसलं की "सकाळ, नदी" एवढंच आठवतं.

नावाड्याकडून मॉडेल रिलीजवर, म्हणजे फोटो वापरायला त्याच्या संमतीच्या कागदावरही सही घेतली आहे. बातमी किंवा लेखासोबतच्या वापराला तो सहसा लागत नाही, जाहिरातीसाठी मात्र लागतो. कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवलं, आणि जाहिरातीसाठी फोटो गेला तर त्याचा वाटा किती हेही त्यातच लिहिलं. हे मला महत्त्वाचं वाटतं.

एक वाईट अनुभवही आला. एका पर्यटन कंपनीने चार फोटो मागितले. करार शेवटपर्यंत वाचला तेव्हा सगळे हक्क कायमचे आणि सगळ्या माध्यमांसाठी त्यांना देण्याची ओळ सापडली. मी एका वर्षाच्या, फक्त संकेतस्थळापुरत्या परवान्याचा प्रस्ताव ठेवला, पुढे उत्तर नाही. वाईट वाटलं, पण ते चारही फोटो अजून माझे आहेत आणि त्यातला एक नंतर दुसरीकडे गेला.

इंटरनेट आमच्याकडे संथ आहे. निवडीसाठी लांब बाजू २,००० पिक्सेलचे जेपेग पाठवतो, मोठ्या फाईली फक्त पक्क्या झालेल्या फ्रेमच्या आणि त्याही रात्री. बॅकअप तीन प्रतींचा, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या घरात. फेब्रुवारीत एक हार्ड डिस्क गेली, एकही फ्रेम गेली नाही.

मार्चमध्ये कमानीतला सूर्य हुकला. पहिल्या दिवशी बिंब डाव्या खांबाला घासून गेलं, पुढचे तिन्ही दिवस ढग. वहीत कुठे उभा होतो तिथून खांबापर्यंतची पावलं मोजून ठेवली आहेत आणि काठावर खुणेचा दगडही ठेवला आहे. सप्टेंबरच्या २० ते २५ तारखांना कुठलंही काम घेतलेलं नाही. नावाडी म्हणाला आहे की त्या सकाळी तो होडी कमानीच्या थोडी अलीकडे उभी करेल.