आजोबांची रायफल आणि खंडेनवमीचं कुंकू

आमच्याकडे आजोबांपासून आलेली एक लिव्हरवाली पॉइंट टू टू रायफल आहे, मार्लिन ३९-ए. ट्रिगरभोवतीची लिव्हर पुढे ढकलून मागे आणली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन आत जातं. आधी निफाडला काकांकडे असायची, गेल्या वर्षी लायसन्स माझ्या नावावर ट्रान्सफर झालं आणि ती नाशिकला आली. बॅरलखाली नळीचं मॅगझिन, त्यात 'लाँग रायफल' नावाच्या काडतुसाचे १९ राउंड, म्हणजे १९ गोळ्या, बसतात. पण रेंजवर नेली की पहिले आठ-दहा मस्त जायचे आणि मग अडकायची, लिव्हर धड पुढे नाही की मागे नाही.

काका म्हणाले, "अरे गोळ्या जुन्या झाल्यात." रेंजवरचा एक जण म्हणाला लिव्हर पूर्ण मारत नाहीस. तेही काही खोटं नव्हतं, मी घाबरून अर्धवटच मारायचो, पण मग पहिल्या राउंडलाही अडकायला पाहिजे ना? इथे दर वेळी शेवटीशेवटीच. नळी भरलेली असते तेव्हा स्प्रिंग गच्च दाबलेली असते, गोळ्या कमी होत जातात तसा तिचा जोर कमी होतो, त्यामुळे आत कुठे चिकट असेल तर ते शेवटच्या गोळ्यांना कळतं. काडतूस उचलपट्टीवर (गोळी नळीतून वर बॅरलच्या तोंडाशी उचलणारी पट्टी) पूर्ण यायच्या आत लिव्हर फिरते, पट्टी वर उठते आणि ते अर्धं नळीत अर्धं पट्टीवर असं चेंगरतं. एकाच वेळी दोन येत असती तर मग गोळी अडवणारा स्टॉप झिजलाय का बघावं लागलं असतं, ते काम मी गनस्मिथकडेच दिलं असतं.

एकदा अशीच अडकली तेव्हा काका स्क्रूड्रायव्हर घेऊनच पुढे आले. "काका, थांबा थांबा!" पॉइंट टू टूचं प्रायमर, म्हणजे टोला बसला की पेटणारी दारू, मधे नसतं, मागच्या कडेत, रिममधेच असतं, तिथे टोचलं तर गोळी उडू शकते. तोंड टार्गेटकडेच ठेवून आधी मॅगझिनची आतली, स्प्रिंगवाली नळी ओढून उरलेल्या गोळ्या काढल्या, मग लिव्हर हळूहळू मागेपुढे करून ती एक सुटली.

घरी आल्यावर पुन्हा एकदा चेंबर (गोळी उडते ती बॅरलमागची जागा), नळी रिकामी आहे ना बघितलं. बागेतली बांबूची बारीक काठी घेतली, तिला चिंधी गुंडाळली आणि बाहेरच्या नळीत घातली तर चिंधी लालभडक! मला वाटलं गंज. हुंगून बघितलं तर कुंकू! दर खंडेनवमीला पूजा झाली की काका नळी ओढून शिलाई मशीनचं तेल सोडायचे, आणि गोळ्या भरायच्या खाचेतून हळद-कुंकू आत जायचं. वर्षानुवर्षं त्याचा लगदा झालेला, दोनचार अक्षतापण निघाल्या. गोळ्या ढकलणारा फॉलोअर त्यातच चिकटत होता.

थोडं रॉकेल, मग कोरडी चिंधी, पाच-सहा वेळा. आत तेल नाहीच सोडलं, त्याला धूळ चिकटते. आता १९ च्या १९ सुरळीत जातात, मी लिव्हर अर्धवट मारली नाही तर.

काकूला फोन करून सांगितलं, यंदा कुंकू फक्त लाकडी दस्त्याला लाव. ती म्हणाली, "आणि तुझे काका तेल सोडतात ते?" तेलाची बाटली मी घेऊन आलोय हे अजून काकांना सांगितलेलं नाही.