आमची वाटचाल : छापणारे आम्ही, नक्षी कुणाची?

आमची फर्म कापड छापते. लहानच आहे. सुरुवात टेबलावरच्या स्क्रीन प्रिंटिंगने झाली. तेव्हा सगळं जॉबवर्क होतं. व्यापारी कोरं कापड आणि नक्षी पाठवायचा, आम्ही छापून, रंग पक्का करून तागे परत करायचो. नक्षी कुठली, कापड कोण नेसणार, हे विचारायची पद्धत नव्हती, आणि विचारून मजुरी काही वाढणार नव्हती.

पुढे निर्यातदारांची कामं मिळू लागली. ऑर्डरवर 'प्रोव्हान्स' (म्हणजे दक्षिण फ्रान्सचा एक प्रांत), 'आफ्रिकन', 'ट्रायबल' असं लिहिलेलं असायचं. प्रोव्हान्सचा नमुना उलगडला की आमचे जुने कारागीर म्हणायचे, ही तर आपली छीट! खरंच होतं ते. सतराव्या शतकात भारतातलं छापील सुती कापड मार्सेच्या बंदरात उतरलं आणि फ्रान्समध्ये त्याची अशी काही हौस सुटली, की तिथले रेशीम-लोकरवाले हवालदिल झाले. १६८६ मध्ये सरकारने बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेही १७०० आणि १७२१ मध्ये कायदे केले. कापडाची हौस मात्र त्या सगळ्याला पुरून उरली. आज दक्षिण फ्रान्समधून पर्यटक तेच बारीक फुलांचं कापड 'इथली खास वस्तू' म्हणून घेऊन जातात. मला यात चोरी दिसत नाही. इतक्या पिढ्या वापरलं, मग त्यांचंही झालंच की.

'आफ्रिकन'ने मात्र आम्हाला खरं कामाला लावलं. त्या नक्षीत बारीक भेगांसारख्या रेषा असतात आणि त्या छापायला वेगळी स्क्रीन करावी लागायची. रंगाच्या कामात अशी रेघ उठली तर आम्ही तो तुकडा डागी म्हणून बाजूला काढतो. इथे ती मुद्दाम छापायची! शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. इंडोनेशियातल्या जावा बेटावर बाटिक करतात, म्हणजे जिथे रंग नको तिथे कापडाला मेण लावून रंगवतात. डच कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकात त्याची यंत्रावर नक्कल केली, मेणाऐवजी राळ वापरली. राळ तडकायची आणि भेगांत रंग शिरायचा. जावाच्या गिऱ्हाइकाला ते पसंत पडलं नाही, पश्चिम आफ्रिकेत मात्र लोकांनी उचलून धरलं. १८४६ मध्ये हॉलंडमधल्या हेल्मंडला सुरू झालेली व्लिस्को कंपनी आजही हे कापड करते. म्हणजे नक्षीची रीत जावाची, कारखाना हॉलंडचा आणि ओळख आफ्रिकेची. आणि आम्ही त्याच कापडाच्या नकलेत राळ तडकून उठणाऱ्या रेषा रंगाने छापत होतो.

ती ओळख कारखान्याने दिली नव्हती. टोगोमधल्या लोमेच्या व्यापारी बायकांनी ती घडवली. कुठली नक्षी चालेल हे त्या सांगायच्या, तिला नाव द्यायच्या. त्यांनी पैसाही असा कमावला, की मर्सिडीज गाड्यांवरून लोक त्यांना 'नाना बेंझ' म्हणू लागले. १९९४ मध्ये त्या भागातल्या फ्रँक या चलनाचं मूल्य निम्म्यावर आणलं गेलं, युरोपचा माल महागला, मग चीनमधल्या स्वस्त नकला आल्या आणि त्या बायकांचा जोर ओसरला. कापड तेच दिसतं, अंगावरही तेच आहे. पण कुठली नक्षी छापायची, हे ठरवण्याची त्यांची सत्ता गेली.

जागतिक बाजाराने सगळं जग एकसारखं झालं, असं म्हणणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही. नायजेरियातले कलाबारी लोक भारतातून गेलेल्या चौकटीच्या मद्रास कापडातले धागे कापून, ओढून काढतात आणि त्यातून स्वतःची नक्षी उठवतात. विकत घेतलेल्या वस्तूवर माणूस आपला हात फिरवतोच. ओळखीपेक्षा मला काळजी वाटते ती कमाईची आणि शब्दाला असलेल्या वजनाची. अर्थात नकलेमुळेच अनेकांना हे कापड परवडतं, हेही नाकारता येत नाही. त्यामुळे स्वस्त मालाला नुसती नावं ठेवणं मला जमत नाही.

डिजिटल मशीन घेतल्यावर हा प्रश्न थेट आमच्या दारात आला. आता फोनवर कुणाच्याही नक्षीचा फोटो येतो, लगेच छापून निघतो. स्क्रीनसुद्धा करावी लागत नाही. असं काम हवं तेवढं मिळतं. आम्ही ते घेत नाही. जुनी, सर्वांची झालेली नक्षी छापतो. एखाद्या हयात कारागिराची किंवा गटाची असेल तर त्यांची संमती मागतो आणि मोबदल्याचं आधी ठरवतो. 'ट्रायबल' एवढंच लिहून आलेली ऑर्डर आम्ही परत पाठवतो : कुठली जमात, ते कळवा. बहुतेकांना सांगता येत नाही. मग त्या कागदावर नुसतं 'भौमितिक' लिहून घेतो. तरीही काही बायर तुटलेच, मशीन मधूनमधून रिकामं राहतं आणि कर्जाचा हप्ता काढताना जॉबवर्कच कामी येतं.

सध्या आम्ही ताग्याच्या किनारीवर नक्षीचा उगम आणि छापणाऱ्याचं नाव टाकतो. तयार कपडे शिवणारे ती किनार कापून टाकतात. म्हणून आता तोच मजकूर शिवायच्या लेबलवर घ्या, अशी अट नव्या करारात घालतो आहोत. दोघांनी मान्य केली आहे, बाकीच्यांशी बोलणी सुरू आहेत.