हजेरीपट, नोंद ११: लॉराच्या ओळीला अखेर पोटहिस्सा पाडला

एक्स-मेन या म्युटंटांच्या कॉमिक्समधल्या संघांत कोण कधी होतं, याचा मी हजेरीपट ठेवतो. गेल्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की क्राकोआचा (म्युटंटांनी त्या बेटावर आपलं राष्ट्र वसवलं, त्या काळाचा) हजेरीपट जुळला, आता २०२४कडे वळतो. ते वाक्य मागे घेतो. जुळलं वगैरे काही नव्हतं. दोन चुका एकमेकींना पाठीशी घालत होत्या, एवढंच.

झालं असं. २०२१, २०२२ आणि २०२३ या तीन हेलफायर गालांमध्ये (क्राकोआवरच्या वार्षिक समारंभांत) जाहीर झालेल्या एक्स-मेन संघांत जागा अनुक्रमे ७, ८ आणि ८. एकूण २३. त्यात वेगवेगळी माणसं किती? चेहरे आठवत बोटांवर मोजली तर १९ आली, आणि शीटमधल्या सूत्रानंही १९च सांगितली. समाधानानं झोपलो. परवा रकाने सरळ करताना दिसलं, की आमचे स्कॉटराव २०२१च्या रकान्यात ‘सायक्लॉप्स’ आहेत आणि २०२२च्या रकान्यात ‘सायक्लोप्स’. सूत्राच्या लेखी ती दोन माणसं. शुद्धलेखन सुधारलं, आकडा १८वर उतरला. बोटं मात्र १९च म्हणत राहिली.

(देवनागरीत नावं भरणाऱ्यांना सल्ला: आधी सगळ्या नावांची एक यादी करा आणि तिथूनच निवडून भरा. ‘ज्युबिली’, ‘जुबिली’ आणि शेवटी चुकून एक स्पेस पडलेली ‘ज्युबिली ’, अशा तीन बाया माझ्या शीटमध्ये वर्षभर गुण्यागोविंदानं नांदत होत्या.)

फरक एका माणसाचा. ते माणूस कोण, हे कळायला दोन मिनिटं लागली. त्याचं काय करायचं हे कळायला तीन आठवडे. लॉरा किनी, लोगननंतरची दुसरी वुल्व्हरिन.

तुम्हाला हे पाठ आहे, तरी हिशेबासाठी पुन्हा मांडतो. लेखक हिकमनच्या एक्स-मेन मालिकेच्या पाचव्या अंकात लॉरा आणि तिचे साथी सिंक आणि डार्विन व्हॉल्ट नावाच्या बंदिस्त जागेत शिरतात. आत काळ भलत्याच वेगानं धावतो. बाहेर काही महिने, आत शतकं. १८ आणि १९व्या अंकांत, म्हणजे २०२१मध्ये, आपल्याला कळतं की त्या शतकांत सिंक आणि लॉरा एकमेकांचे झाले. बाहेर पोचल्या त्या सिंकच्या आठवणी. लॉराच्या आतच राहिल्या. क्राकोआवर मेलेल्या म्युटंटांना अंड्यातून नवं शरीर आणि जपून ठेवलेल्या आठवणींची प्रत देऊन उठवतात. ती मेली असं धरून तिलाही जुन्या प्रतीवरून उठवलं, आणि हीच लॉरा, जिला सिंकबरोबरचा संसार ठाऊकच नाही, २०२१च्या संघात वुल्व्हरिन म्हणून निवडून आली. मग २०२२च्या शेवटाला फोर्ज हा संघातला गडी व्हॉल्टमध्ये उतरतो आणि पहिली लॉरा जिवंत सापडते! ती टॅलन हे नाव घेते आणि २०२३च्या संघात सिंकच्या जोडीला उभी राहते. एका वेळी दोन लॉरा, दोघीही खऱ्या, दोघींचं बालपण एकच.

माझा पहिल्या नोंदीपासूनचा नियम होता: ओळ माणसाची, नावाची नाही. या नियमानं आजवर बरं निभावलं. वुल्व्हरिन नावाचे लोगन आणि लॉरा, दोन ओळी. सायलॉक नावाच्या बेट्सी आणि क्वॅनन, दोन ओळी, अदलाबदल झालेल्या शरीरांसकट. थंडरबर्ड नावाचे जॉन प्राउडस्टार आणि आपला कोलकात्याचा नील शारा, दोन ओळी. पण लॉरापाशी ‘माणूस’ म्हणजे काय, हेच सांगता येईना.

शरीर धरावं, तर क्राकोआवर अंड्यातून उठलेला प्रत्येक जण नवा माणूस. म्हणजे जवळपास सगळ्या पटालाच नव्यानं ओळी पाडा. आठवण धरावी, तर दोन्ही लॉरा व्हॉल्टच्या दारापर्यंत एक आणि दारानंतर दोन. बरं, आठवणीचा नियम लावला की तो मागे जाऊन जीन ग्रेलाही गाठतो, आणि तिथे तर मी नवव्या नोंदीत एकदा हात पोळून घेतलेच आहेत. १९७६च्या १०१व्या अंकापासून १९८०च्या १३७व्या अंकापर्यंत संघात जी ‘जीन’ होती, ती जीन नव्हतीच, फिनिक्स या वैश्विक शक्तीनं तिचं रूप घेतलं होतं आणि खरी जीन जमैका बेच्या तळाशी कोषात होती, असं १९८६मध्ये ठरलं. मग त्या ३७ अंकांत जीनची ओळ कोरी ठेवायची? मी तेव्हा ‘वाचकाला त्या दिवशी जे दिसलं ते’ असा उपनियम काढून वेळ मारून नेली होती. पण पुढे इन्फर्नो या कथानकाच्या वेळी फिनिक्सच्या आठवणी खऱ्या जीनला मिळतात. आठवणीच्या नियमानं ती ओळ मागाहून भरली जाते! म्हणजे १९८०पर्यंत भरलेली, १९८६ला पुसलेली, काही वर्षांनी परत भरलेली. आलेखाचा कागद खोडरबरानं फाटायची वेळ आली.

आपल्यातल्या दोघांना हा घोळ सांगितला. एक म्हणाला, मुखपृष्ठावर जो दिसतो तो हजर, बाकी सगळं सोड. मुखपृष्ठांवर विश्वास ठेवायचा म्हणे! ज्या धंद्यात दर चार महिन्यांनी मुखपृष्ठावर कुणीतरी मरतं आणि आत साधं खरचटलेलंही नसतं, तिथे? दुसऱ्यानं सांगितलं, लॉरा एकच धर, टॅलन हा नुसता पोशाख समज. यावर मी चिडलो, कारण मग सिंकच्या त्या सगळ्या दुःखाला अर्थच उरत नाही. बायको समोर आहे आणि ती आपल्याला ओळखत नाही, यावर लेखक डगननं २०२१पासूनचे अंक उभे केलेत.

तोडगा निघाला तो भलतीकडेच. आजोबांच्या नावची जमीन वारसांच्या नावे लागली का, हे पाहायला मागच्या शनिवारी बाबांनी मला सातबारा काढायला बसवलं. उताऱ्यावर आजोबांचं नाव तसंच होतं, पण कंसात. मी म्हटलं, बाबा, अजून काढलं नाही यांनी. बाबा म्हणाले, “अरे, नाव खोडत नसतात. कंस करतात. कंसातला माणूस होता, आता नाही, एवढाच त्याचा अर्थ. कधी आणि कशानं गेला ते शेजारच्या फेरफार नंबरावरून कळतं.” फेरफाराची वही वेगळी, गाव नमुना सहा. उताऱ्यावर फक्त त्याचा नंबर.

फेरफाराला इंग्रजीत म्युटेशन म्हणतात. म्युटंटांचा हजेरीपट तीन वर्षं ठेवतोय आणि हे मला आत्ता सुचतंय, याची लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. त्याच रात्री नवी वही उघडली.

आता पद्धत अशी. हजेरीपटावर ओळ एकदा पडली की पुसायची नाही. जे काही बदलेल ते फेरफार वहीत नंबर टाकून लिहायचं, आणि तिथे तारखांचे दोन रकाने: नोंद कधी झाली आणि अंमल कधीपासून. जीनच्या ओळीला तीन फेरफार. १९७६चा साधा, १९८६चा (नोंद १९८६ची, अंमल १९७६पासून; फिनिक्सची नवी ओळ, जीन त्या अंकांपुरती कंसात) आणि इन्फर्नोचा, ज्याला मी सरळ वारसनोंद म्हटलंय. खोडरबर लागला नाही.

दोन तारखांच्या रकान्यांनी एक जुना काटाही फुकटात निघाला. १९७५च्या जायंट-साइझ अंकात क्राकोआ बेटावर गेलेला संघ दुसरा, असं आपण सगळे धरून चाललो होतो. मग लेखक ब्रुबेकरच्या डेडली जेनेसिस या मालिकेनं, २००५-०६मध्ये, मधल्या मध्ये आणखी एक संघ घुसडला: व्हल्कन, पेट्रा, स्वे, डार्विन. त्यांना १९७५च्या आधी दाखवायचं की २००५ला, यावर पाचव्या नोंदीत आपली चांगलीच जुंपली होती. दोन्ही. नोंद २००५ची, अंमल १९७५च्या आधीचा. भांडण मिटलं, तेव्हाचे शब्द मागे घ्यायचे की नाही ते ज्याचं त्यानं पाहावं.

आणि लॉरा? तिच्या ओळीचा नंबर ३७. तिला पोटहिस्सा पाडला. ३७/१ व्हॉल्टमधली, म्हणजे टॅलन. ३७/२ क्राकोआवर उठवलेली. व्हॉल्टच्या दारापर्यंत सामाईक, तिथून पुढे वेगळी वहिवाट. आता सूत्र मूळ नंबर मोजतं तेव्हा १८ देतं आणि हिस्से मोजतं तेव्हा १९. दोन्ही आकडे बरोबर. तीन आठवड्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले, आणि रात्री साडेबाराला स्वतःसाठी चहा टाकला.

यावर लगेच शंका आली (वर ज्यानं पोशाख म्हटलं होतं त्याचीच), की मग अंड्यातून उठलेल्या सगळ्यांनाच पोटहिस्सा का नाही? नाही. एक गेला आणि त्याच्या जागी दुसरा उठला, तर तो वारस, नंबर तोच. दोघं एका वेळी नांदले तरच पोटहिस्सा.

हे लिहिताना वाटलं की विषय संपला. आणि तेवढ्यात २०२४चा रकाना आठवला. लेखक मॅकेच्या अलास्कावाल्या संघात सायक्लॉप्स, मॅग्नेटो, मॅजिक, क्वॅनन, जगरनॉट, किड ओमेगा, टेम्पर, आणि बीस्ट. हा बीस्ट म्हणजे जुन्या आठवणींच्या प्रतीवरून केलेला; क्राकोआ काळात ज्यानं एक्स-फोर्स या जोडमालिकेत पापांचे ढीग रचले, तो नव्हे. याला वारस म्हणू की पोटहिस्सा? एक्स-फोर्सचे शेवटचे अंक समोर ठेवून वाचल्याशिवाय नंबर टाकणार नाही. तो खंड मागवला होता. ज्यांच्याकडून मागवला त्यांनी त्याच मालिकेचा असा एक खंड पाठवला, जो माझ्याकडे आधीच आहे, आणि तोही नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत, कोपरे दुमडून. मागे पुठ्ठा घालायला किती पैसे पडतात हो? फोर्टच्या फुटपाथवर पूर्वी गॉथम कॉमिक्स या प्रकाशनाच्या जुन्या अंकांचे गठ्ठे मिळायचे, तेही सुतळीनं बांधताना वर-खाली पुठ्ठा लावून देत. परत पाठवलाय. तोवर मार्व्हल अनलिमिटेडवर, म्हणजे मार्व्हलच्या ऑनलाइन वाचनालयात वाचेन. तिथे नवे अंक तीन महिने उशिरा येतात, ही एरवीची माझी तक्रार, पण जुन्यासाठी बिनघोर.

२०२४च्या या संघांबद्दल माझं मत तुम्ही विचारलं होतंत, ते सांगतो. मॅकेचा संघ कागदावर विचित्र दिसतो आणि पानावर जमतो. जगरनॉट हा मुळात म्युटंट नाही, २०२३ला वाचकांच्या मतांवर आत आला आणि त्याच गालाच्या रात्री निमरॉड या म्युटंट मारणाऱ्या यंत्रमानवानं तो संघ धुळीला मिळवला. पटावर त्या संघाचा रकाना इतका अरुंद आहे की नावं उभी लिहावी लागली. तरी त्यातून हा गडी पुढच्या पर्वात टिकला, याचं कौतुक वाटतं. मतदान म्हणजे तमाशा, असं आपल्यातले काही म्हणतात. २०२१पुरतं तरी मी ते मानणार नाही. दहा उमेदवारांतून पोलॅरिस आली. १९६८पासून कडेकडेनं वावरणारी बाई, तिला समोरच्या ओळीत आणायला वाचकच लागले.

उलट रोग या नायिकेचा लुइझियानातला संघ (गॅम्बिट, लोगन, नाइटक्रॉलर, ज्युबिली) पटावर सगळ्यात सुबक दिसतो आणि मला सगळ्यात कमी ओढतो. सगळे आपापल्या जुन्या खुर्च्यांवर. स्टॉर्मची तर २०२४च्या तिन्ही मुख्य संघांत हजेरीच नाही, बाई अ‍ॅव्हेंजर्समध्ये. तिच्या ओळीत मी ‘परगावी’ असा शेरा मारलाय. अ‍ॅव्हेंजर्सचा पट सुरू करणार नाही, असं घरी शब्द दिलेला आहे.

किरकोळ प्रगती: १९७० ते १९७५चे पुनर्मुद्रणाचे २७ अंक, ६७ ते ९३, अखेर करड्या पेन्सिलीनं भरून झाले. कॅमलिनचीच, बाकीच्यांचा करडा कागदावर निळसर उतरतो. आणि जॉन प्राउडस्टारची ओळ: १९७५मध्ये ९५व्या अंकात मेला, परतला तो थेट क्राकोआच्या काळात. मधली पांढरी पट्टी कागदावर ४५ सेंटिमीटरांहून लांब आहे. भिंतीपासून दूर उभं राहून पाहिली की ती एकटीच दिसते.

पुढच्या नोंदीत एज ऑफ रेव्हेलेशन हे कथानक घ्यायचं होतं, दहा वर्षं पुढच्या काळातले ते संघ पक्के लिहायचे की पेन्सिलीनं, हे ठरवायला. ते मागे पडलं. कारण फेरफाराची वही हातात आली तसा झॉर्न नावाचा एक्स-मेन डोळ्यांसमोर नाचायला लागलाय. २००१ला संघात आला, २००३ला म्हणाला मी मॅग्नेटो, आणि नंतर ठरलं की तो मॅग्नेटो नव्हताच. बाबांना नावं वगळून विचारलं, की एखाद्यानं दुसऱ्याच्या नावानं खरेदीखत केलं, आणि मागाहून कळलं की ते नावही त्याचं नव्हतं, तर उताऱ्यावर काय येतं? बाबा चष्मा काढून म्हणाले, “कुठल्या गटाचं बोलतोयस? आपल्या नाही ना?”