धमनी उघडली, तरी रक्त अडतं कुठे?

हृदयविकाराचा झटका आला, कॅथलॅबमध्ये फुगा घालून धमनी उघडली, स्टेंट बसला. पडद्यावर रक्त वाहताना दिसतंय, तरी बऱ्याच रुग्णांत स्नायूचा काही भाग उपाशीच राहतो. याला ‘नो-रिफ्लो’ म्हणतात. अडथळा आता धमनीत नसतो, तिच्या पुढच्या केशवाहिन्यांत असतो.

केशवाहिनीची रुंदी 5 ते 10 मायक्रोमीटर, म्हणजे तांबडी पेशी जेमतेम सरकेल इतकी. तिला बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी वेढून असतात. रक्त तुटलं की त्या आकसतात आणि धमनी उघडल्यावरही पकड सोडत नाहीत. 2017 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयात केशवाहिन्या नेमक्या पेरिसाइटपाशी चिमटलेल्या दाखवल्या.

आता आतड्याकडे वळू. अन्न खाली उतरलं की आतड्याच्या अस्तरातल्या ‘एल’ पेशी जीएलपी-1 हे संप्रेरक सोडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते पेरिसाइटला सैल करतं: पेशीतल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियम आत शिरणं कमी होतं आणि कॅल्शियम नसलं की आकुंचन टिकत नाही. मधुमेहाची जुनी गोळी ग्लिबेनक्लामाइड याच जातीच्या वाटा बंद करते. तेवढ्यावरून ती मनानेच थांबवू नका, पण हृदयविकार असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

अडचण अशी की आपलं स्वतःचं जीएलपी-1 रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं, डीपीपी-4 हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. त्याच्यासारखंच काम करणारं औषध सेमाग्लुटाइड मात्र निम्मं व्हायलाच आठवडा लागतो.

माणसांत काय दिसलं? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या, कोपनहेगनमधल्या 172 रुग्णांवरच्या अभ्यासात एक्सेनाटाइड (जीएलपी-1 सारखंच औषध) किंवा नुसतं सलाइन, धमनी उघडण्याच्या 15 मिनिटं आधीपासून पुढे 6 तास शिरेतून दिलं. एक्सेनाटाइडच्या गटात धोक्यातला स्नायू जास्त वाचला. पण पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून 132 मिनिटांच्या आत धमनी उघडली त्यांच्यातच जखम लहान राहिली, उशीर झालेल्यांत नाही. मेलेला स्नायू कोणतंही संप्रेरक परत आणत नाही.

दीर्घकाळाचा पुरावा जास्त भक्कम आहे. 2023 च्या सेमाग्लुटाइडच्या ‘सिलेक्ट’ चाचणीत 17,604 जण होते: आधीचा हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार, बीएमआय 27 किंवा त्याहून जास्त, मधुमेह नाही. हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण औषध नसलेल्या गटात 8.0 टक्के, तर सेमाग्लुटाइडच्या गटात 6.5 टक्के होतं. यात पेरिसाइटचा वाटा किती आणि वजन, रक्तदाब, सूज कमी होण्याचा किती, हे या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. सगळं श्रेय वजनाला देणं मात्र घाईचं आहे.

सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, सुरुवात 0.25 मिलिग्रॅमने. दर चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि शेवटी 2.4. पायरी गाळली की मळमळ, उलट्या वाढू शकतात. पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण येतो, आणि हृदयरुग्ण लघवीची गोळी घेत असेल तर आणखी जास्त. मधुमेह असेल तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलं की फेकून द्या.

छातीत कळ आली तर हे इंजेक्शन टोचत बसू नका. 108 लावा आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून ठेवा. रुग्णालयात तेच आधी विचारतात.