गृहपाठ द्यावा, पण कोणाला आणि कसला?

पहिली-दुसरीच्या मुलांना लेखी गृहपाठ देऊच नये. रोज १५ मिनिटं मोठ्यानं वाचन पुरे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये गृहपाठावरच्या संशोधनांचा जो आढावा घेतला, त्यातही गृहपाठ आणि गुण यांचा संबंध सातवीपासून पुढे ठळक दिसला, लहान वर्गांत क्षीण.

मोठ्यांना द्या, पण एकाच साच्याची २० गणितं नकोत. पहिलंच चुकीच्या रीतीनं सोडवलं, तर उरलेल्या १९ गणितांत तीच चूक पक्की होते! आजच्या धड्यावरची ३, गेल्या आठवड्यातली २ आणि महिन्यापूर्वीचं १ अशी सरमिसळ करा, म्हणजे कोणती रीत लावायची हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं. वही दुसऱ्याच दिवशी तपासा. पालकांनी उत्तर सांगू नये. अडलेल्या जागी खूण करून पाठवावं, म्हणजे नेमकं काय पुन्हा शिकवायचं ते शिक्षकांना कळतं.