दुडकी चाल

परवा माथेरानला दस्तुरीपासून चालत वर जात होतो, बाहेरच्या गाड्यांना पुढे बंदीच आहे त्यामुळे एकतर मिनी ट्रेन नाहीतर ई-रिक्षा नाहीतर घोडा नाहीतर आपले पाय, तर मागून एक घोडा टपटप टपटप करत आला आणि घोडेवाला ओरडला "दुडकीवर आहे, बाजूला व्हा!" कित्ती वर्षांनी ऐकला हा शब्द!!

दुडकी म्हणजे चालणं आणि भरधाव पळणं यांच्या मधलं काहीतरी. घोडा नुसता चालतो तेव्हा चार पाय चार वेळा टेकतात, पण दुडकीत पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा असे दोन-दोन पाय जोडीने पडतात म्हणून तो टप-टप असा दोनच ठोक्यांचा ताल येतो (आणि वर बसलेल्याची कंबर कामातून जाते, ते वेगळं). चौखूर उधळला की मग संपलंच.

आमची आजी बैलांबद्दलही हेच म्हणायची, घराकडे वळले की बैल आपोआप दुडक्या चालीने निघतात, हाकावं लागत नाही. माणसांनाही चालतो हा शब्द, फक्त घाई नको. घाई असेल तर झपझप, तरातरा, वेळच वेळ असेल तर रमतगमत. लहान पोरांचं दुडुदुडु मला तरी याच घरातलं वाटतं.

मी सकाळी जे करतो त्याला सगळे जॉगिंग म्हणतात. स्पीड बघता दुडकीच आहे ती :)